चौथे ऋण

कृषिविद्यापीठाची कामे तीन सांगतात : शिक्षण, संशोधन आणि विस्तार. पहिल्या दोन शब्दांबद्दल कोणाची तक्रार नसावी. तिसरा मात्र मला पहिल्यापासून खटकत आला आहे. विस्तार कशाचा होतो ? जे मध्यभागी आहे, भरलेले आहे, त्याचा. दिव्याचा उजेड अंगणात पडावा तसे ज्ञान विद्यापीठाच्या खिडकीतून बाहेर पडते आणि काळोखात बसलेल्या गावापर्यंत पोचते, असे एक चित्र या शब्दाच्या पोटात आहे. याच शब्दाचे दुसरे भावंड म्हणजे ‘दत्तक गाव’. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली आणि पुढे महाविद्यालये गावे दत्तक घेऊ लागली. एरवी दत्तक घेणारा वयाने वडील असतो. येथे चाळीस वर्षांचे महाविद्यालय कित्येक शतकांच्या गावाला मांडीवर घेते, सात दिवसांचे शिबिर भरवते, वेशीवर पाटी लावते. आणि गावही पाहुण्यांचा मान राखावा म्हणून निमूटपणे त्या मांडीवर बसते.

शब्द हसण्यावारी नेता येतात. त्यांच्यामागचा प्रश्न तसा नेता येत नाही. विद्यापीठ आणि त्याच्या भोवतालचे गाव या दोघांत देणारा कोण आणि घेणारा कोण ? विद्यापीठ गावासाठी जे काही करते ते उपकार म्हणून करते, कर्तव्य म्हणून करते, की देणे लागते म्हणून करते ? बाहेरून पाहणाऱ्याला तिन्ही कामे सारखीच दिसतील. तेच व्याख्यान, तेच झाडे लावणे, तेच रक्तदान. पण उपकार करणाऱ्याची मान एका बाजूला झुकते आणि ऋणकोची दुसऱ्या बाजूला. हा मानेचा कल मला महत्त्वाचा वाटतो.

आष्ट्याच्या माणसाने कोकणातल्या विद्यापीठाची उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. आमचे सगळे आयुष्य कृष्णा-वारणेच्या मधल्या काळ्या जमिनीत, उसाच्या आणि हळदीच्या हिशेबात गेलेले. परंतु माझी भाची २०१६ साली कृषीच्या पदवीसाठी दापोलीला गेली आणि चार वर्षे मला कुंभार्ली घाट उतरण्याचे निमित्त मिळाले. कऱ्हाड, पाटण, कोयना मागे टाकून गाडी घाटात शिरली की हवेला ओलसर वास येऊ लागतो आणि आपल्या ओळखीची माती संपून तांबडी माती सुरू होते. दापोलीचे विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले. पुढे त्याला डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव मिळाले. जांभ्या दगडाचा हा परिसर, समुद्र तीन-चार कोसांवर. मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांपुढे हे लहानसेच. पण त्याचा एक मोठेपणा असा की त्याला भिंतीच्या आत राहून चालतच नाही. त्याची प्रयोगशाळा म्हणजे लोकांची खाचरे, लोकांच्या वाड्या, लोकांचे आगर.

पहिल्या वर्षी भाची रडकुंडीला आली होती. जूनमध्ये दोरीवर टाकलेला कपडा सप्टेंबरपर्यंत वाळत नाही, वह्यांना बुरशी येते, आणि ज्वारीची भाकरी डोळ्यांना दिसत नाही. देशावरच्या आणि मराठवाड्यातल्या मुलींनी खानावळीच्या काकींना पिठले-भाकरी शिकवली. काकींनी त्यांना तांदळाची भाकरी हातावर थापायला लावली. रविवारी हर्णै बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव पाहायला जायचे, हा त्यांचा चैनीचा कार्यक्रम. ओरडून बोललेल्या त्या आकड्यांतले पहिले वर्षभर तिला एक अक्षर कळले नाही. तिसऱ्या वर्षी ती मला भाव समजावून सांगत होती. विद्यार्थी आणि गाव यांचा संबंध असा पोटापासून सुरू होतो आणि तो कुठल्याही अहवालात येत नाही.

कोकणातल्या गावांत तरुण माणूस दिसणे कठीण. पिढ्यान्‌पिढ्या तिथली पोरे मुंबईला गेली, गिरण्यांत गेली, गिरण्या बंद झाल्यावर आणखी कुठे कुठे गेली. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी म्हणून येतात. उरतात म्हातारी माणसे आणि कुलपे. अशा गावांत विद्यापीठ आपली विशी-एकविशीतली मुले पाठवते. शेवटच्या वर्षी त्यांना एक हंगाम शेतकऱ्यांच्या सोबत काढावा लागतो. मुलांना कृषिदूत म्हणतात, मुलींना कृषिकन्या. भाचीचा हा हंगाम २०१९ च्या पावसाळ्यात आला. हर्णैच्या वाटेवरल्या एका गावात तिची नेमणूक झाली. सत्तरीच्या एक आजी, दोन मुलगे मुंबईला, घरामागे थोडी पोफळ, खाली भाताची चार खाचरे. अशा घरी या मुलींची उठबस सुरू झाली.

मुलींनी चारसूत्री भातलावणीचे प्रात्यक्षिक दाखवायचे होते. दोरी धरून ठरावीक अंतरावर रोपे लावायची, चार चुडांच्या मध्ये खताची एक गोळी खोल खोचायची. पद्धत चांगली आहे, तिने पुष्कळांचे भात वाढले आहे. आजींनी सगळे मुकाट्याने पाहिले आणि म्हणाल्या, “तीन खाचरांत घाला. चौथ्यात नको. त्याला बांधाखालून पाझर हाय. गोळी जायल वाहून खालच्या धन्याच्या शेतात.” मुलींनी बांध तपासला, पाझर कुठे दिसेना. दोन दिवसांनी पाऊस थोडा उघडला तेव्हा इतर तीन खाचरांत पाणी उभे होते आणि चौथ्यात चिखल.

भाचीची त्या दिवसांतली वही मी पाहिली आहे. तिने स्वतःच पट्टीने दोन रकाने आखले होते. ‘आम्ही काय सांगितले’ आणि ‘त्यांनी काय केले’. पाझराची हकीकत यांपैकी कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. ती तिने पानाच्या समासात, आडवी लिहिली होती. तिला कोणी तसे रकाने आखायला सांगितले नव्हते. विस्ताराचे ते चित्र, खिडकीतून बाहेर पडणाऱ्या उजेडाचे, इतके आपल्या अंगात मुरलेले आहे की वीस वर्षांची मुलगी कोरी वही उघडते आणि आपोआप दोनच रकाने आखते.

त्याच ऑगस्टात कृष्णा आणि वारणा फुगल्या. सांगली पाण्यात गेली, नदीकाठची गावेच्या गावे उठली, दोन्ही जिल्ह्यांत शाळा-महाविद्यालयांच्या वर्गांत माणसे आणि व्हरांड्यांत गुरे राहिली. बातमी कोकणात पोचली. दुसऱ्या दिवशी आजींनी वाडीतल्या घराघरांतून शेर-दोन शेर तांदूळ गोळा केला आणि पोते भाचीपुढे आणून ठेवले : तुझ्या गावाला पाठव. पोर संकोचली. म्हणाली, “आजी, आमचं आष्टा उंचावर आहे. आमच्या घरात पाणी नाही शिरलं.” आजी म्हणाल्या, “तुजा नाय तर कुनाचा तरी बुडाला आसंल ना ?”

ते पोते तालुक्याला जमलेल्या मदतीच्या गाडीतून घाट चढून आले आणि कोणाच्या चुलीवर शिजले ते कोणालाच ठाऊक नाही. भाचीने त्यातला एक दाणा खाल्ला नाही. तरी ती मला म्हणाली, “मामा, ते तांदूळ माझ्याच अंगावर आहेत.” या एका वाक्यापाशी मी पुष्कळ दिवस अडून बसलो. जे आपण खाल्ले नाही, मागितले नाही, ज्याचा पुरता देणाराही आपल्याला माहीत नाही, त्याचे ऋण असते का ?

देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे आपल्याला लहानपणापासून सांगितलेली असतात. शतपथ ब्राह्मणाने त्यांत एक चौथे घातले आहे : माणसांचे ऋण. ते बहुतेकांच्या कानांवर आलेले नसते. या ग्रंथाची मौज अशी की तो प्रत्येक ऋणाची फेड कशाने होते तेही सांगतो. देवांचे यज्ञाने, ऋषींचे अध्ययनाने, पितरांचे संततीने, आणि माणसांचे? माणसांना वसतीला जागा दिली आणि अन्न दिले म्हणजे. त्यात ज्ञान देण्याचे नाव नाही. विद्येचा व्यवहार ऋषींशी, तिथे शिकून फेड होते. माणसांशी व्यवहार ओसरीचा आणि ताटाचा. आमच्या शिक्षणसंस्था एका ऋणाचे चलन दुसऱ्या ऋणाच्या फेडीसाठी वापरू पाहतात की काय, अशी शंका मला तेव्हापासून येऊ लागली. गावाने दिली जागा आणि भाकरी. आम्ही परत करतो व्याख्यान.

जागा आणि भाकरी याच दोन गोष्टींवर आमच्या भागात एक फार मोठे शिक्षणकार्य उभे राहिले. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे घराणे आमच्याच वाळवे तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. आष्ट्यापासून फार लांब नसलेल्या दुधगावात, १९१० च्या सुमारास, त्यांनी सहकाऱ्यांबरोबर विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचा पहिला प्रयोग केला. १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ साली साताऱ्याचे वसतिगृह सुरू झाले, आणि १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. हा इतिहास सर्वांना पाठ आहे. मला त्यातल्या एका लहान गोष्टीचे अप्रूप वाटते : मुष्टिफंड. जात्यावर बसण्याआधी बाईने एक मूठ धान्य बाजूच्या गाडग्यात टाकायचे. गाडगे भरले की ते वसतिगृहाकडे जायचे. जिने मूठ टाकली तिचा स्वतःचा मुलगा शाळेत असेलच असे नाही. पुष्कळदा नसायचाच. आणि ज्याने ती भाकरी खाल्ली त्याला ती मूठ कोणाची हे कधी कळायचे नाही. साताऱ्यात धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडले, ही गोष्ट आपण डोळे पुसत सांगतो. तिचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण मंगळसूत्राला नाव आहे, चेहरा आहे, त्याचे स्मारक होऊ शकते. गाडग्यातल्या मुठीला यांपैकी काही नाही.

परान्नावर शिकणारी मुले महाराष्ट्राने त्याआधीही पाहिली होती. कोकणातून पुण्याला गेलेला गरीब ब्राह्मणाचा मुलगा वार लावून जेवायचा : सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. माधुकरी मागायचा. या प्रथेने कित्येकांना शिकवले हे खरेच. पण तिची आठवण कृतज्ञतेने सांगणारी माणसे मला फार थोडी भेटली. वाढणाऱ्या बाईच्या कपाळावरची आठी, तुपाची धार पुढच्या पानाकडे वळताना तिने घेतलेली काळजी, एखाद्या सोमवारी दाराला अनपेक्षितपणे दिसलेले कुलूप, या गोष्टी सत्तराव्या वर्षीही त्यांच्या जिभेवर असत. शिवाय वार मिळायचा तो जातीतल्या जातीत. महार-मांगाच्या पोराला आठवड्यातले सातही वार बंद. तेव्हा दुसऱ्याचे अन्न खाल्ले की ऋणाची जाणीव आपोआप होते, असे कोणी समजू नये. अन्न माणसाला मिंधे करते, आणि मिंधा माणूस संधी मिळताच पाठ फिरवतो. त्यात त्याचा फारसा दोषही नसतो.

भाऊरावांना हे कळले होते, असे मला वाटते. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात असताना ते अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्‌घाटनाला गेले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करायला त्यांनी नकार दिला. त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. आसरा देणारे घर बदल्यात काय मागू शकते याचा असा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. त्यांनी आपल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली, धान्य अशा ठिकाणाहून आणले जिथे देणारा समोर उभा नाही, आणि मुलांच्या हातात कुदळ दिली. पुढे १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेही याच ‘कमवा आणि शिका’च्या पायावर. कष्ट केलेल्या मुलाची मान ताठ राहते. मुठीचे अन्न खाल्ल्याने ती फार ताठ होत नाही. हा तोल मला आजच्या कुठल्याच शैक्षणिक योजनेत आढळत नाही. आज मूठ सरकारी अनुदानात विरघळली आहे आणि अनुदान शुल्कात. विद्यार्थी पैसे भरतो, पावती घेतो. आमच्या आष्ट्यात १९९९ साली अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, तेव्हापासून गावात खोल्या, खानावळी, डबे पोचवणारी माणसे, असा एक नवा संसार उभा राहिला आहे. महिन्याच्या एक तारखेला तिथला सगळा हिशेब चुकता होतो. त्यात वाईट काही नाही. फक्त आपण कोणाच्या मुठीवर शिकतो आहोत हे कळायला त्या मुलाला आता काही वाटच उरलेली नाही.

या सगळ्या विचाराला माझ्या एका स्नेह्याने जोरात धक्का दिला. ते सांगलीला अर्थशास्त्र शिकवीत, आता निवृत्त आहेत. म्हणाले, “मास्तर, ही ऋणाची भाषा मोठी गोड आहे, म्हणूनच घातक आहे. ऋण म्हटले की सावकार आला. उद्या तुमच्या भाचीला हेच गाव सांगेल, आमचे खाल्लेस ना, मग ये परत आणि आमच्या रीतीने राहा. पोरीच्या जातीला तर हे ऋण जन्मभर पुरते. आणि ज्यांना गावाने पाणी दिले नाही त्यांच्याकडे तुम्ही कोणत्या तोंडाने वसुलीला जाणार ?”

हा प्रश्न टाळून पुढे जाणे म्हणजे लबाडी ठरेल. योगायोग असा की त्याचे सर्वांत मोठे उदाहरण दापोली आणि सातारा या दोनच गावांशी बांधलेले आहे. सुभेदार रामजी आंबेडकर लष्करातून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीला राहिले, मग साताऱ्याला आले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांच्या मुलाचे, भीमरावांचे, नाव साताऱ्याच्या हायस्कुलात दाखल झाले. शाळेत त्यांना इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या तरटावर बसावे लागे आणि पाण्याला हात लावता येत नसे. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीबरोबर करार होता : परत आल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी. १९१७ साली ते करार पाळायला बडोद्याला गेले. शहरात त्यांना कोणी राहायला जागा देईना. पारशी नाव सांगून एका पारशी पथिकाश्रमात राहिले, तर ते कळताच माणसे काठ्या घेऊन आली. विद्यापीठाची सर्वोच्च विद्या घेऊन आलेला माणूस आपले कागदावरचे ऋण फेडायला तयार होता; आणि ज्या शहराचे तो देणे लागत होता ते शहर त्याला चार भिंती द्यायला तयार नव्हते. शतपथाने सांगितलेले चौथे ऋण त्या दिवशी कोणाच्या अंगावर होते ? बडोद्याच्या अंगावर. माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाला माझ्यापाशी एवढे एक उत्तर आहे. गाव नेहमीच धनको असते असे मानण्याचे कारण नाही. पुष्कळ गावे जबर ऋणको आहेत आणि त्यांनी एक पैसाही फेडलेला नाही. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी खेड्यांच्या गौरवगीतावर जे कोरडे ओढले त्याचा उगम इथेच होता.

तरीही त्याच माणसाने १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि दुसऱ्या वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. साताऱ्याने किंवा बडोद्याने दिले त्याची ती परतफेड नव्हती; जे कोणीच दिले नाही तेसुद्धा त्यांनी देणे मानले. माझ्या स्नेह्यांची सावकाराची उपमा इथे लंगडी पडते. सावकाराचे कर्ज त्यालाच परत करावे लागते. हे चौथे ऋण त्याच दारी परत करता येत नाही. नाही तर आष्ट्याच्या मुलीने आजींच्या पोत्याच्या बदल्यात ज्वारीचे पोते पाठवले असते आणि दोघी मोकळ्या झाल्या असत्या.

असे काही करण्याची वेळ आलीही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ कोकणावर आदळले आणि दापोली-मंडणगडच्या पट्ट्यातल्या पोफळी, माड, आंबे आडवे झाले. घरांवरची कौले-पत्रे उडाले, वीज आणि फोन कित्येक दिवस बंद. टाळेबंदीचे दिवस, भाची आष्ट्यातच होती. चार दिवस फोन लागेना तेव्हा ती घरोघर फिरली. एका व्यापाऱ्याने विचारले, “त्या गावाचा अन् आपला काय संबंध ?” तिने पोत्याची गोष्ट सांगितली. त्याने ताडपत्र्या दिल्या. पण त्या गावाला दिल्या, असे म्हणून दिल्या. तिला ते आवडले नाही. आजींनी गाव विचारले नव्हते, असे ती म्हणाली. घरावर छप्पर नसताना हा सूक्ष्म विचार कशाला, असे मी तिला म्हणालो खरा; मनातून मात्र तिचे म्हणणे मला पटले होते.

विद्यापीठाने घेतलेले आणि विसरलेले असे पुष्कळ आहे, आणि ते कोणाला दोष न देता सांगता येते, कारण तो ज्ञानाच्या व्यवहाराचाच स्वभाव आहे. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने काजूच्या ज्या जाती दिल्या त्यांनी कोकणाचे अर्थकारण बदलले. त्यांतली पहिली, वेंगुर्ला-१, ही त्याच तालुक्यातल्या आणसूर गावच्या काजूतून निवडलेली. कोणाच्या तरी परड्यात, कोणी तरी राखलेले, दरसाल चांगले धरते म्हणून न तोडलेले झाड. निवड करणाऱ्या शास्त्रज्ञाची नजर मोठीच. पण त्याच्या आधी एक नजर होती, आणि ती झाड राखणाऱ्याची. जातीला नाव मिळाले केंद्राचे. आंब्यातही तेच. ‘रत्ना’ ही जात १९८१ साली आली ती नीलम आणि हापूस यांच्या संकरातून, आणि ‘सिंधू’ १९९२ साली रत्ना आणि हापूस यांच्या. हा हापूस विद्यापीठाला मिळाला कुठून ? पोर्तुगिजांच्या काळापासून कलमे बांधून तो जिवंत ठेवणाऱ्या बागाईतदारांकडून.

पावसाच्या तोंडावर विद्यापीठाच्या रोपवाटिकेत कलमे घ्यायला माणसे येतात. मी एकदा तिथे कोयकलम बांधताना पाहत उभा राहिलो. रायवळ आंब्याची कोय रुजवतात, कोवळे तांबूस रोप वर आले की त्याचा शेंडा छाटतात, आणि त्या चिरेत जातिवंत हापूसची काडी बसवून पट्टी गुंडाळतात. पुढे झाड वाढते, फळे येतात, पेटीवर हापूस असे लिहिले जाते. जमिनीतून पाणी ओढणारे मूळ जन्मभर रायवळाचेच असते. बांधणाऱ्या माणसाला मी विचारले, खुंट कुठल्या झाडाचा ? तो हसला. “रायवळाला कोण नाव ठेवतो, गुरुजी ? मिळतील त्या कोयी.”

हर्णैच्या दक्षिणेला मुरुड आहे, महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे गाव. आज रविवारी तिथल्या किनाऱ्यावर गाड्यांची गर्दी असते. १८७५ सालच्या पावसात या गावातून कर्वे आणि त्यांचे सोबती परीक्षेसाठी पायी साताऱ्याला निघाले, शंभराहून अधिक मैल, कुंभार्लीच्या रानातून. वाटेत कोणाच्या तरी ओसरीवर त्यांनी पाठ टेकली असेल, कोणी तरी भाकर दिली असेल. साताऱ्याला पोचल्यावर हा मुलगा वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. ते तसेच परत आले. १८८६ साली, मुरुडातल्या कमावत्या माणसांनी आपल्या मिळकतीतला थोडा भाग गावासाठी काढावा, म्हणून त्यांनी मुरुड फंड सुरू केला. महिला विद्यापीठ निघाले ते त्यानंतर तीस वर्षांनी, १९१६ साली. त्यासाठी त्यांनी गावोगाव हिंडून लहान लहान वर्गण्या जमवल्या. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपये दिले, आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव लागले. चार आणे देणाऱ्यांची नावे लागणे शक्यच नव्हते. पुढे १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कर्व्यांनी पुन्हा झोळी घेतली आणि महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. त्या पैशांतून शाळा निघायच्या होत्या त्या मुरुडात नव्हेत. मुरुडात शाळा होती. ज्या खेड्यांत शाळा नाही अशा खेड्यांत त्या निघायच्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक खेड्यांत कर्व्यांनी कधी पाणीही प्यायले नसेल.